गुडघे जपा, बुड टेकवा

पहाटे बेळगावात टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानाकडं फिरकू नका. तिथं पळणारी माणसं भेटतात. एकदा त्यांच्याशी ओळख झाली की महिनाभरात तुमच्याही पायांत महागडे बूट आणि घरात 'पेस'च्या, म्हणजे एका किलोमीटरला किती मिनिटं लागली याच्या, गप्पा सुरू.

त्यापेक्षा "पळून गुडघ्याच्या वाट्या झिजतात" एवढं वाक्य पाठ करा. हौसेनं पळणाऱ्यांपेक्षा नुसतं बसून असणाऱ्यांच्यात गुडघ्याची झीज जास्त आढळते, असं एखादा डॉक्टर म्हणालाच, तर चहा मागवा आणि विषय बदला.

हुकमाचा पत्ता म्हणजे जिम फिक्स. या माणसानं अमेरिकेला पळायचं वेड लावलं आणि १९८४ साली, ५२ व्या वर्षी, पळतानाच हृदयविकारानं गेला. हे कट्ट्यावर घोळवून सांगा. पळायला लागण्याआधी तो दिवसाला दोन पाकिटं सिगारेटी ओढायचा आणि त्याचे वडील ४३ व्या वर्षीच हृदयविकारानं गेले होते, हे मात्र चहाबरोबर गिळून टाका.

पंचाईत होते ती आपल्याच फडेप्पा चौगुल्यांनी. बेळगावचा हा गडी १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकात मॅरेथॉन पळाला आणि एकोणिसावा आला. कुणी त्यांचं नाव काढलं तर घाबरू नका. शांतपणे विचारा, "ते महाराष्ट्राचे की कर्नाटकाचे?" तेव्हा बेळगाव मुंबई इलाख्यात होतं, असं कुणीतरी म्हणणारच. झालं! आता दोन तास कुणी जागचं हलत नाही. सीमाप्रश्नानं आमच्या गुडघ्यांची घेतली तेवढी काळजी कुठल्या तेलानं घेतली नाही.

एवढं करूनही पळावंच लागलं तर तीन किलोमीटर पळा आणि येताना पाव किलो कुंदा आणा. सत्तर किलोच्या माणसाचे तेवढ्यात जेमतेम दोनशे कॅलरी जळतात. कुंद्याचा हिशोब मांडू नका, गोड लागणार नाही.

परवा मीही पळून बघितलं. दुसऱ्या रेल्वे गेटापर्यंत पोचलो आणि देवासारखं गेट पडलं. कमरेवर हात ठेवून धापा टाकत होतो, तर शेजारी सत्तरीचे एक काका जागच्या जागी पाय हलवत उभे.

"थांबू नका ओ, पाय आखडतात."

गाडी गेली, गेट उघडलं. काका पलीकडं गेले. मी रिक्षाला हात केला.