माका कोणी सांगूक नाय

आमच्या काजू युनिटला मॅनेजर नाही. वेंगुर्ला तालुक्यात कुठेही हे सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "मगे बघता कोण?" आणि दुसरा, बहुतेक वेळा पुरुषांकडून, "तुमच्यात भांडणां होत नाय?" होतात की. भरपूर होतात. मॅनेजर असलेल्या कारखान्यातही होतात, फक्त तिथे ती त्याच्या पाठीमागे होतात.

मी तिथे हिशोब बघते. वही माझ्याकडे, म्हणून बाहेरच्यांना मीच साहेब वाटते. नवीन बाई कामावर आली की सुरुवातीला माझ्याकडे बघूनच उठते-बसते. ती सवय मोडायला बी फोडायचं कटर चालवायला शिकण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

लिहायचं कारण असं की हल्ली सगळीकडे "तुम्ही प्रत्येक जण लीडर आहात" असं ऐकायला मिळतं. नात्यातला एक मुलगा नोकरीत आहे, त्यांना एका रिसॉर्टवर नेऊन दोन दिवस हेच शिकवलं. कंपनी आपलीच समजा, मालकासारखं वागा. त्याला विचारलं, मग बदललं काय? म्हणाला, "मालकासारखं वागायचं, पण एक दिवसाच्या रजेला तीन सह्या." यात सगळं आलं. जबाबदारी खाली वाटली, अधिकार वरच ठेवला. मला हा शुद्ध चावटपणा वाटतो. चुकलं की "तूच तर लीडर", आणि खर्च करायचा म्हटलं की "वर विचारून सांगतो".

माणूस स्वतःहून जबाबदारी कधी घेतो, ते आमच्या ड्रायरपाशी बघायला मिळतं. बी वाफवायची, फोडायची, गर वाळवायचा, साल काढायची, मग प्रतवारी. वाळवण कमी झालं तर साल सुटत नाही, नखाने ओढताना गर फुटतो. जास्त झालं तर गर कडक होऊन फुटतो. डब्ल्यू ३२० ही प्रत म्हणजे पौंडाला ३०० ते ३२० अख्खे गर बसणारा माल. तोच गर फुटला की पाकळी, नाहीतर तुकडा, आणि भाव लगेच खाली. म्हणजे ड्रायरवरच्या बाईने काय केलं ते तिला नाही, साल काढणाऱ्या बाईला भोगावं लागतं. आमच्यातल्या काही जणी पूर्वी दुसरीकडे कामाला होत्या. तिथे ड्रायरवर उत्तर ठरलेलं: मुकादमाने सांगितलं तेवढा वेळ ठेवलं. बरोबरच होतं तिचं. पुढे त्या मालाचं काय झालं हे तिला कोणी दाखवलंच नव्हतं.

आमच्याकडे भिंतीवर फळा आहे. कुठल्या लॉटमधून अख्खा गर किती, पाकळी किती, तुकडा किती, काय भावाने गेला, सगळं त्यावर. कोणाला काही बोलावं लागत नाही. ड्रायरवाली स्वतःच येऊन फळा वाचते आणि साल काढणाऱ्या बायकांजवळ जाऊन बसते. आत्मविश्वास वाढवणारी भाषणं मी खूप ऐकली आहेत, त्या फळ्याइतकं काम एकानेही केलेलं नाही.

पण फळा सगळं करत नाही. गेल्या पावसात एका भिंतीला ओल आली आणि बीची पोती भिजली. येता-जाता तिघींनी पाहिली होती. विचारल्यावर तिघींचं एकच उत्तर: "माका कोणी सांगूक नाय." त्यावर आमच्यातली सगळ्यात मोठी काकी जी भडकली! "पोती भिजतत ता डोळ्यांक दिसता मां? मगे सांगूक कोण होया, कलेक्टर?" त्या दिवसापासून ठरलं. जिला दिसलं तिने आधी करायचं, मग सांगायचं. ठराविक रकमेपर्यंतचा खर्च कोणालाही न विचारता. त्यावर असेल तर ज्यांच्या कामावर परिणाम होणार त्यांना विचारून. मला विचारून नव्हे.

हे काही आम्ही शोधून काढलेलं नाही. कॅलिफोर्नियात मॉर्निंग स्टार नावाची टोमॅटो प्रक्रिया करणारी कंपनी आहे, १९७० पासूनची. तिथे मॅनेजर नाहीत. प्रत्येक जण आपण काय करणार ते लिहून देतो, पण वरिष्ठाला नाही, ज्यांचं काम त्याच्या कामावर अवलंबून आहे त्या सहकाऱ्यांना. वाद झाला तर आधी दोघांनी मिटवायचा, मग तिसरा मध्यस्थ, मग सहकाऱ्यांची समिती, आणि तरीही नाही सुटला तरच मालक. नेदरलँड्समध्ये २००६ साली सुरू झालेल्या बुर्टझोर्ग संस्थेच्या नर्सेस जास्तीत जास्त १२ जणींचा गट करतात आणि पेशंट, पाळ्या, नवीन माणूस घेणं, सगळं त्याच ठरवतात. आणि इतक्या लांब तरी कशाला जा? १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत सुरू केलं. तिथल्या भगिनी मालकीण आहेत, तरी घरून लाटून आणलेला पापड तपासूनच घेतला जातो. साहेब नाही म्हणजे तपासणी नाही, असं समजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

आमच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावर ओढायचं मोठं जाळं, तर त्याहूनही जुनी. होडीत तांडेलाचा शब्द शेवटचा, जाळं कधी टाकायचं ते तोच ठरवणार. पण दोर ओढायला सगळे, मासळी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वाळूवर येते आणि वाटे पडतात. पुढारी नाही असं नाही. त्या कामापुरता, त्या वेळेपुरता आहे. आमच्याकडे वाफवणीच्या वेळी एकीचं चालतं, भाव ठरवताना दुसरीचं.

आता कडू भाग. साहेब काढून टाकला की उतरंड जात नाही, लपते. अमेरिकेतल्या स्त्रीमुक्तीच्या गटांबद्दल जो फ्रीमन या लेखिकेने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हेच लिहून ठेवलंय: रचना नाही म्हटलं की न दिसणारी रचना तयार होते, आणि तिला जाब विचारता येत नाही. आमच्याकडे जिच्या नवऱ्याचा टेम्पो माल पोचवतो तिच्या बोलण्याला वजन. मोठ्या घरातली बोलली की बाकीच्या गप्प. काकीपुढे तर मीही हळूच बोलते. यावर आम्ही बैठक कोणी चालवायची याच्या चिठ्ठ्या टाकतो. पहिल्यांदा विशीतल्या एका मुलीची चिठ्ठी निघाली आणि तिने टेम्पोचं भाडं जास्त आहे हा विषय काढला. खोलीत अशी शांतता पसरली की पंख्याचा आवाज ऐकू येत होता. भाडं कमी झालं. टेम्पोवाल्या वहिनी महिनाभर तिच्याशी बोलल्या नाहीत, तेही झालं.

आणि हे सगळ्यांनाच मानवेल असंही नाही. एक बाई आम्हाला सोडून कुडाळच्या एमआयडीसीत गेली. म्हणाली, घरात सासूचं औषध मी बघायचं, शेताला गडी मी शोधायचे, पोरांच्या शाळेचं मी ठरवायचं. कामावर तरी कोणीतरी सांगावं आणि मी करावं, पाच वाजता डोक्याला काही नसावं. मला तिचं पटलं. स्वतः ठरवायचं स्वातंत्र्य हे सुद्धा काम आहे, आणि बायकांच्या वाट्याला ते घरी फुकट आलेलंच असतं. ते कामावर द्यायचं तर त्याचे पैसे मिळाले पाहिजेत.

त्यावरच सध्या आमचं अडलंय. फोडणं आणि साल काढणं किलोवर आहे, ड्रायर तासावर. साल काढणाऱ्या म्हणतात, वाळवण बिघडून गर फुटला तर कापलं आमचंच जातं. ड्रायरवाल्या म्हणतात, बीच जुनी असेल तर आम्ही काय करणार? दोघींचंही खरं आहे. शनिवारी त्यावर बसायचंय. कोणाचं काजू युनिट असेल किंवा गटात असं काम चालत असेल, तर तुकड्याचा तोटा तुम्ही कोणाच्या खात्यात टाकता ते कमेंटमध्ये लिहा. बैठकीत वाचून दाखवेन.