पडद्यावरची विडी आणि पडद्यावरची सिगारेट

सप्रेम नमस्कार.

चित्रपटातील नायकाच्या सिगारेटविषयी मी लिहिलेल्या लेखावर आपण देवगडहून पाठवलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. आपले म्हणणे असे, की पडद्यावरील धूम्रपानावर २००५ पासून बंदी आहे हे माझे विधान चुकीचे आहे. खलाशाला विडीशिवाय दाखवणे हा खोटेपणा ठरेल. आणि आपल्या किनाऱ्यावर तंबाखू चित्रपटातून येत नाही, ती घरातल्या मशेरीच्या डबीतून येते, त्यामुळे माझा सगळा रोखच चुकला आहे.

पहिली चूक निर्विवाद माझी आहे. ३१ मे २००५ च्या अधिसूचनेने तशी बंदी घातली होती खरी. परंतु महेश भट्ट यांनी तिला आव्हान दिले आणि जानेवारी २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. आज आपण पाहतो ती पडद्याच्या तळाशी येणारी ओळ आणि चित्रपटाच्या सुरुवातीला व मध्यंतरानंतर येणारे इशारे हे नंतरच्या, म्हणजे २ ऑक्टोबर २०१२ पासून लागू झालेल्या नियमांचे फलित आहे. लेखातील ते वाक्य आज दुरुस्त केले आहे.

मशेरीच्या बाबतीत आकडे आपल्याच बाजूचे आहेत. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील धूम्रपान करणाऱ्या प्रौढांचे प्रमाण ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांचे २४.४ टक्के आढळले. आमच्या वेंगुर्ल्याच्या घरीही आजी तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायला बसली, की पडवीपर्यंत ठसका लागे. मग ती कुटून डबीत भरली जाई आणि दात घासण्याच्या निमित्ताने दिवसातून चार-पाच वेळा ती डबी उघडली जाई. घरातल्या दोन मुलींनी तिच्याकडूनच मशेरी उचलली, आणि त्यांना ती कोणत्याही नटीने शिकवली नव्हती, हे मी कबूल करतो.

मात्र त्याच घरातल्या आम्हा मुलग्यांना आजीच्या डबीचे कधी आकर्षण वाटले नाही. आम्ही वर्षातून एखाद-दोन चित्रपट पाहत असू, आणि परतताना वाटेवर आमच्यातला प्रत्येक जण वाळकी काडी ओठांत धरून, मान किंचित तिरकी करून, नायकासारखा चालत असे. मशेरी ही घरातली सवय होती आणि तिच्यात कोणी ऐट शोधत नव्हते. सिगारेट मात्र आमच्यापर्यंत पोहोचली तीच ऐट म्हणून, धूर नाकात जाण्याच्या कितीतरी आधी. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य-अधिकाऱ्याच्या, २०१२ च्या अहवालाने चित्रपटांतील धूम्रपानाची दृश्ये आणि तरुणांनी धूम्रपान सुरू करणे यांत कार्यकारणसंबंध असल्याचा निष्कर्ष काढला, तेव्हा मला त्या काड्या आठवल्या. (त्यातल्या दोघांच्या हातात पुढे खरी सिगारेट आली. मी त्यातला एक.)

दिग्दर्शक सिगारेट दाखवतो ती केवळ कलेच्या गरजेपोटी, असे आपण गृहीत धरले आहे. १९८३ साली हॉलिवूडचे नट सिल्व्हेस्टर स्टॅलोन यांनी एका पत्राद्वारे, किमान पाच चित्रपटांत एका तंबाखू कंपनीची उत्पादने वापरण्याचे पाच लाख डॉलरच्या मोबदल्यात कबूल केले होते. ते पत्र पुढे जाहीर झाले. आपल्याकडील कोणावरही मी तसा आरोप करत नाही. पण धूम्रपानाच्या दृश्यामागे कलेची गरज असेलच, असे धरून चालता येत नाही, एवढे तरी त्यावरून मान्य करावे लागेल.

आता आपल्या खलाशाकडे येतो, कारण आपल्या प्रतिक्रियेतला मला सर्वांत पटलेला भाग तोच आहे. पहाटे जाळे ओढून बसलेला माणूस वाऱ्याला पाठ करून, ओंजळीच्या आडोशात विडी पेटवतो, तेव्हा कॅमेऱ्याला त्याचे भेगाळलेले हात आणि त्याचा थकवा दिसतो. तो पाहून विडी ओढावी असे कोणा पोराला वाटेल, असे मला वाटत नाही. याउलट नायकाच्या सिगारेटसाठी प्रकाश वेगळा लावतात, पार्श्वसंगीत थांबवतात, काडी ओढल्याचा आवाज मोठा करतात. तळाशी येणारी ओळ मात्र दोन्ही ठिकाणी सारखीच असते, आणि म्हणून ती आपल्याला वाटते तितकीच मलाही निरुपयोगी वाटते. परंतु त्याच नियमांत आणखी एक अट आहे, जिच्याकडे मूळ लेखात माझेही दुर्लक्ष झाले: नव्या चित्रपटात तंबाखूचा वापर दाखवायचा असल्यास त्याचे सबळ समर्थन चित्रपट परिनिरीक्षण मंडळापुढे (सेन्सॉर बोर्डापुढे) मांडावे लागते. माझा आग्रह ही अट गांभीर्याने पाळली जावी एवढाच आहे. आपला खलाशी त्या कसोटीला सहज उतरेल. नायकाच्या सिगारेटबद्दल मात्र दिग्दर्शकाला, ती काढली तर प्रसंगातले नेमके काय नाहीसे होते, ते सांगावे लागेल. आपण याला कलेची गळचेपी म्हणाल. मला तो कोणत्याही संकलकाने स्वतःला विचारण्याजोगा प्रश्न वाटतो.

मशेरीवर मी स्वतंत्र लेख लिहायला घेतला आहे. आपल्या आईने साठाव्या वर्षी मशेरी कशी सोडली, याबद्दल आपण शेवटी जे लिहिले आहे, ते त्यात आपले नाव न देता घेण्यास आपली हरकत नसेल, तर कृपया कळवावे.