‘जुना पीसी भंगारात द्या’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड पुन्हा पुन्हा येतंय. त्याचा गोषवारा असा : विंडोज १० कायमचं बंद झालं, तो पीसी चालू ठेवलात तर बँकेतले पैसे गेलेच समजा, विंडोज ११ बसत नसेल तर मशीन भंगारात द्या, लिनक्स (विंडोजऐवजी पीसीवर टाकता येणारी फुकट कार्यप्रणाली) हे इंजिनिअर लोकांचं काम, त्यात मराठी येत नाही, आणि नवा पीसी परवडत नसेल तर खालच्या लिंकवरून रेडिमेड ‘लाइट’ विंडोज ११ उतरवून घ्या, फुकट आणि ॲक्टिव्हेट केलेलं. शेवटी तीन लाल दिवे आणि ‘सगळ्यांना पाठवा’.

डोंबिवलीच्या मावशीने हाच मेसेज माझ्यापुढे धरून विचारलं, “अरे, भंगारवाला कॉम्प्युटर किलोवर घेतो की नगावर?” तिचा पीसी २०१५ साली मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या कॉम्प्युटर बाजारातून, सुटे भाग जोडून असेम्बल करून आणलेला. त्यामुळे हे उत्तर तिच्याच टेबलावर बसून तयार झालं.

आधी ते ‘बंद’. तारीख खरी आहे, १४ ऑक्टोबर २०२५. पण त्या दिवशी थांबले ते मायक्रोसॉफ्टचे नेहमीचे फुकट अपडेट. पीसी दुसऱ्या दिवशीही चालू झाला. यापुढे सापडणारी भोकं बुजवली जाणार नाहीत, हा धोका खराच, तो मी हसण्यावारी नेत नाही. मात्र त्यावरही मायक्रोसॉफ्टनेच घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट ठेवले आहेत. त्यासाठी विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यात ठेवायला हरकत नसेल तर पैसे पडत नाहीत, नाहीतर ३० डॉलर. ब्राउझरही एका रात्रीत साथ सोडत नाहीत : विंडोज ७ चे अपडेट जानेवारी २०२० मध्ये संपले, पण क्रोमने त्याला २०२३ च्या सुरुवातीपर्यंत सांभाळलं. आणि बँकेतल्या पैशांचं म्हणाल, तर माझ्या ओळखीत ज्यांचे गेले त्यांनी फोनवर ओटीपी तरी सांगितला होता, नाहीतर लग्नपत्रिका समजून मोबाइलवर एपीके, म्हणजे ॲप बसवणारी फाइल, उघडली होती. विंडोजचा त्यात काही संबंध नव्हता.

‘११ बसत नसेल तर...’ हे ठरवायची घाई नको. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची, गुप्त किल्ल्या जपणारी सुरक्षेची सोय लागते. २०१८ नंतरच्या कित्येक असेम्बल पीसींमध्ये ती असते, फक्त बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) बंद ठेवलेली असते. इंटेलच्या बोर्डावर ती पीटीटी या नावाने सापडेल, एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम. ती चालू केली की अपग्रेड फुकट. दुसरी अट प्रोसेसरची : इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची, एएमडी रायझनची साधारण २००० मालिका किंवा पुढची. आय-फाइव्हच्या पुढे ८४०० असेल तर आठवी पिढी, १०४०० असेल तर दहावी. मावशीचा निघाला आय-थ्री ४१५०, म्हणजे चौथी. इथवर फॉरवर्डवाला बरोबर.

पण ११ बसत नाही एवढ्यावरून मशीन भंगार ठरत नाही. मावशी बटण दाबून चहाचं आधण ठेवायची, चहा गाळून आणेपर्यंत डेस्कटॉप उगवायचा. टास्क मॅनेजर उघडला तर प्रोसेसर निवांत आणि डिस्क शंभर टक्के. दोष त्या फिरत्या हार्ड डिस्कचा होता. तिच्या जागी एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, घातली, रॅम चारची आठ जीबी केली. आता आधण ठेवायला उठेपर्यंत पडदा समोर असतो. जुनी डिस्क मात्र टाकली नाही. नातवाच्या बारशाचे फोटो तिच्यावर आहेत.

मग लिनक्स. मी तिथे लिनक्स मिंट, म्हणजे लिनक्सचा नवख्यांना सोपा जाणारा प्रकार, पेन ड्राइव्हवर नेलं. पेन ड्राइव्हवरून ते तसंच चालतं, ‘इन्स्टॉल’ दाबेपर्यंत डिस्कला हात लागत नाही. म्हणजे वाय-फाय लागतंय का, आवाज येतोय का, एक पान छापून निघतंय का, हे सगळं आधी बघून घेता येतं. मिंट टाकल्यापासून आज्ञा टाइप करायची ती काळी स्क्रीन मावशीने अजून पाहिलेली नाही. मराठीबद्दल तर फॉरवर्डवाल्याने सरळ थाप मारली आहे. मावशीची सगळी नोकरी सरकारी कचेरीत झाली, बोटं इनस्क्रिप्टला, म्हणजे सरकारी मराठी कीबोर्डच्या मांडणीला सरावलेली. कीबोर्डच्या यादीतून मराठी निवडल्यावर के दाबलं की क, एचवर प, डी दाबला की अक्षराचा पाय मोडतो, सगळं जिथल्या तिथे. ज्यांना उच्चाराप्रमाणे टाइप करायची सवय आहे त्यांच्यासाठी तसाही कीबोर्ड आहे. केरळच्या सरकारी शाळांतली मुलं वर्षानुवर्षं लिनक्सवरच शिकताहेत, ती काही जन्मतः इंजिनिअर नाहीत.

तरी मिंट सगळ्यांच्या गळ्यात मारण्यासारखं नाही. घरी हिशेबाची टॅली चालते, डिजिटल सही वापरून रिटर्न भरावे लागतात, श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरमधल्या फायली रोज उघडाव्या लागतात, तर विंडोजच ठेवा. मिंटवरच्या लिबर ऑफिस या फुकट ऑफिसमध्ये वर्डच्या फायली उघडतात, पण गुंतागुंतीचा तक्ता कधीकधी हलतो.

राहिलं ते ‘लाइट’ विंडोज, आणि खरा राग मला त्याचाच आहे. ते कोणी बनवलं? माहीत नाही. हलकं कसं झालं? बहुतेक वेळा विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, काढून, अपडेटची वाट तोडून. म्हणजे अपडेट येत नाहीत म्हणून विंडोज १० सोडायचं आणि ज्यात अपडेट मुद्दाम मारलेत ते ११ घ्यायचं! शिवाय परवाना नसताना विंडोज ॲक्टिव्हेट करणारं क्रॅक चालवताना ‘अँटिव्हायरस बंद करा’ अशी सूचना असते, म्हणजे चोराला आत घेताना कुत्रा बांधून ठेवा. शेजारच्या मुलाने असंच एक टाकलं होतं. आठवड्यात ब्राउझर उघडला की रमीच्या जाहिराती. शेवटी सगळं पुसून मायक्रोसॉफ्टच्या साइटवरची मूळ फाइल टाकावी लागली.

हाच माल दुकानातूनही येतो, फक्त लिंक दिसत नाही. ‘विंडोज, ऑफिस, सगळं टाकून देतो साहेब’ असं ऐकलंत की कोटेशन पुन्हा वाचा : कॅबिनेट, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा), कूलर, माऊस, सगळ्याची किंमत असते, आणि ओएसची, म्हणजे विंडोजची, ओळच नसते. नवा पीसी घेणारच असाल तर ती ओळ लिहून मागा, किंवा ओएस टाकूच नका म्हणा.

मावशीचं एक काम अजून राहिलंय. प्रिंटर छापतो, पण त्याचा स्कॅनर मिंटला सापडत नाही. रविवारी पुन्हा डोंबिवलीला जायचंय.