मूल शाळेतलं सांगतं, तेव्हा आपण काय करतो?

"काय झालं आज शाळेत?"
"काही नाही."
"काहीच नाही? मग सहा तास काय केलंत?"
"खेळलो."

शाळेच्या फाटकापासून गाडीपर्यंत हा संवाद असंख्य घरांत रोज होतो. मग आई-बाबा म्हणतात, आमचं मूल अबोल आहे. मला हे पटत नाही. हीच मुलं व्हॅनमध्ये काकांना सगळी बित्तंबातमी देत असतात. घरी ती गप्प होतात, कारण विचारण्याची वेळ चुकते, प्रश्न चुकतो आणि सगळ्यात मोठं म्हणजे, मागच्या वेळी सांगितल्यावर घरात काय झालं हे त्यांच्या लक्षात असतं.

आधी वेळेचं बोलू. शाळा सुटते तेव्हा मूल दमलेलं आणि भुकेलेलं असतं. शाळेतलं स्वच्छतागृह घाण असलं की बरीच मुलं, त्यातही मुली, दिवसभर लघवी रोखून धरतात आणि त्यासाठी पाणीही पीत नाहीत. घरी आलेली भरलेली बाटली म्हणूनच नीट बघा. ती बघून "पाणी का नाही प्यायलीस?" असं ओरडायचं नसतं. "शाळेतलं बाथरूम कसं असतं गं?" एवढंच विचारायचं असतं. पण तेही लगेच नको. आधी बाथरूम, मग पाणी, मग खाणं, मग अर्धा तास काहीच नाही. या अर्ध्या तासात गृहपाठाचं नावही काढू नका.

डबासुद्धा बोलतो. एरवी आवडीची बटाट्याची भाजी आणि पोळी तशीच परत आली असेल, तर त्यामागे भूक नव्हती एवढंच कारण असतं असं नाही. मधली सुट्टी शिक्षा म्हणून वर्गात गेली असेल, शेजारचा डब्याला नाक मुरडत असेल, किंवा ज्याच्यासोबत रोज डबा खायचा त्याच्याशी कट्टी झाली असेल. कंपासपेटीतून आठवड्यात तिसरं खोडरबर गेलं असेल, तर तो वेंधळेपणा असेल किंवा कोणीतरी रोज काढून घेत असेल. निष्कर्ष काढू नका, फक्त नोंद ठेवा.

आता प्रश्न. "काय झालं?" हा प्रश्न मोठ्यांनाही जड जातो. पाच-सहा वर्षांच्या मुलाला तर दिवसाचा साचाच पटकन आठवतो: प्रार्थना झाली, डबा खाल्ला, खेळलो. त्या दिवशीची वेगळी गोष्ट आठवायला एखादं टोक हाती द्यावं लागतं. "आज डबा खाताना शेजारी कोण होतं?" "पीटीच्या तासाला मैदानावर नेलं की वर्गातच बसवलं?" "बाकावरची जागा बदलली का रे?" दिवसाला असा एकच प्रश्न पुरे. विचारला की थांबायचं. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांचं निरीक्षण केलं, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारल्यावर साधारण एकच सेकंद थांबतात असं दिसलं. ते तीन सेकंद थांबू लागले, तशी मुलांची उत्तरं लांबली. घरातही मनात पाच अंक मोजा. आपल्याला ते पाच अंक फार लांब वाटतात आणि तिथेच आपण दुसरा प्रश्न टाकून पहिल्याचं उत्तर मारून टाकतो.

समोरासमोर बसवून विचारू नका, ती उलटतपासणी वाटते. हात कामात आणि नजर कामावर असेल तेव्हा मुलं सैल होतात. मटार सोलताना, मेथी निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना किंवा दिवा मालवल्यावर. अंधारात तर पाचवी-सहावीतली मुलंही बोलतात, कारण आपल्या चेहऱ्यावर काय उमटलं ते त्यांना दिसत नाही. आणि तिथपर्यंत पोचायची सगळ्यात सोपी वाट म्हणजे आधी आपलं सांगणं. "आज बसमध्ये माझी छत्री राहिली, दिवसभर चिडचिड झाली" असं काहीतरी छोटं, खरं. मग गप्प बसायचं.

मटार सोलता सोलता लेक मैत्रिणीबद्दल म्हणते, "ती आज माझ्याशी बोललीच नाही." इथे बहुतेक आया म्हणतात, "जाऊ दे, तू दुसरी मैत्रीण कर." विषय मिटला, मूलही मिटलं. त्याऐवजी तिचेच शब्द परत द्या: "बोललीच नाही?" मग ती सांगते, "हो ना. आणि डब्यालाही दुसऱ्या बाकावर गेली." "हं. मग?" एवढ्यावर अख्खी गोष्ट बाहेर येते. "का" मात्र टाळा. "तू बाईंना का नाही सांगितलंस?" हा मुलाच्या कानांना आरोपच वाटतो.

ऐकल्यानंतर खरी परीक्षा आपली असते. मूल काहीतरी सांगतं, दहाव्या मिनिटाला ते पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातं, दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्यांना कळतं. आजीच्या कुशीत सांगितलेलं जेवणाच्या ताटावर जाहीर होतं. बाबा साडेआठला आले की "आता बाबांना सांग काय झालं ते" म्हणून तेच पुन्हा वदवून घेतलं जातं. मुलानं एकदा हे भोगलं की पुढच्या वेळी "काही नाही" हेच उत्तर त्याला सगळ्यात सुरक्षित वाटतं. म्हणून विचारा, "मी नुसतं ऐकू, की काही करायला हवंय?" बाईंशी बोलायचं असेल तर आधी मुलाला सांगा आणि थेट वर्गशिक्षकांना भेटा. ग्रुप ही तक्रारीची जागा नाही, यावर मी ठाम आहे.

आठवी-नववीतल्या मुलांना तर स्वतःबद्दल विचारूच नका. "तुमच्या वर्गात कोणाला चिडवतात का?" असं विचारलं की स्वतःचं दुसऱ्याच्या नावावर सांगतात. सांगू द्या, पकडू नका.

उलट लहान मुलांना रोज "कोणी मारलं का? कोणी त्रास दिला का?" विचारण्यात धोका आहे. मोठ्यांना जे ऐकायचंय तेच ती देतात, आणि पुढे खरं काय हे कोणालाच कळत नाही. मुलानं आपणहून काही गंभीर सांगितलं, शिक्षकांनी मारल्याचं किंवा कोणी नकोसा स्पर्श केल्याचं, तर "सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही" असं म्हणा, खोदून विचारू नका आणि तेच दहा नातेवाइकांसमोर बोलायला लावू नका. त्याचेच शब्द, तारखेसह, त्याच रात्री लिहून ठेवा. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी आहे, तेव्हा मुख्याध्यापकांना लेखी द्या आणि पोच घ्या. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर शाळा आपसात मिटवू म्हणाली तरी थांबू नका. पॉक्सो कायदा, २०१२ नुसार माहिती असणाऱ्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ चोवीस तास चालू असते. हा आकडा मुलालाही पाठ करून द्या, घरच्या नंबरासोबत.