आयन रँड यांच्यावर टीका करण्यापूर्वी

अमेरिकन कादंबरीकार आणि विचारवंत आयन रँड यांचे नाव निघाले की त्यांनी लोकांना आपमतलबी व्हायला शिकवले, असे ठामपणे सांगितले जाते, आणि सांगणाऱ्यांत चांगली वाचणारी माणसेही असतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. विवेकनिष्ठ स्वहिताच्या, म्हणजे विवेक वापरून स्वतःचे खरे हित जपण्याच्या, त्यांच्या तत्त्वज्ञानावर टीका अवश्य व्हावी. पण ती रँड यांनी खरोखर मांडलेल्या विचारांवर व्हावी.

'ॲटलस श्रग्ड' या रँड यांच्या १९५७ सालच्या कादंबरीत नायक जॉन गाल्टची शपथ आहे: मी दुसऱ्या माणसासाठी जगणार नाही आणि दुसऱ्याने माझ्यासाठी जगावे अशी मागणीही करणार नाही. यातला पूर्वार्ध सर्वांना आठवतो, उत्तरार्ध मात्र क्वचितच कोणी उच्चारते. वास्तविक त्या उत्तरार्धामुळेच फसवणूक, जबरदस्ती आणि सरकारी मेहेरबानीने प्रतिस्पर्ध्याचा धंदा बुडवणे हे सारे निषिद्ध ठरते. त्याच कादंबरीतला जेम्स टॅगर्ट एका बड्या रेल्वे कंपनीचा अध्यक्ष आहे, आणि तरीही खलपात्र आहे. तेव्हा रँड सरसकट धनिकांच्या कैवारी होत्या, असे कसे म्हणता येईल?

याहून बोलके उदाहरण त्यांच्याच 'द फाउंटनहेड' (१९४३) या कादंबरीतल्या पीटर कीटिंगचे आहे. वरवर पाहता तोच खरा स्वार्थी वाटतो: वरच्या पदासाठी डावपेच खेळतो, कादंबरीचा नायक, वास्तुरचनाकार रोआर्क याने केलेले आराखडे आपल्या नावावर खपवतो. पण त्याला चित्रकार व्हायचे होते आणि आईच्या आग्रहाने तो वास्तुरचनाकार झाला. जिच्यावर प्रेम होते त्या कॅथरीनला सोडून त्याने डॉमिनिकशी लग्न केले, कारण लोक दिपून जाणार होते. ज्याची प्रत्येक इच्छा दुसऱ्यांच्या नजरेतून जन्मते, त्याच्याजवळ जपण्यासारखे स्वतःचे काही उरतच नाही, हे रँड यांनी फार वेदनादायक रीतीने दाखवले आहे.

मदतीला त्यांचा विरोध होता, हेही खरे नाही. प्रिय पत्नीच्या उपचारांसाठी संपत्ती खर्च करणारा पती त्याग करत नाही, कारण ती त्याला त्या पैशापेक्षा मोलाची आहे, असे त्यांनी १९६३ च्या एका निबंधात लिहिले. अराजकवादही त्यांनी नाकारला. पोलीस, न्यायालये आणि सैन्य यांसाठी शासन हवेच, असे त्या मानत.

माझा आक्षेप वेगळ्या ठिकाणी आहे. ज्याला काम करणे शक्यच नाही आणि ज्याचे जवळचे कोणी नाही, त्याने इतरांच्या ऐच्छिक मदतीवर विसंबावे, हे त्यांचे उत्तर मला अपुरे वाटते, कारण ती मदत मिळालीच नाही तर त्या माणसाचे काय, हा प्रश्न तसाच राहतो.