जिवंत असल्याचा पुरावा किती वेळा द्यायचा?

बास झालं आता! पुण्यातल्या आमच्या जनता वसाहतीतल्या मावशी, वय सत्तरीपार, आज तिसऱ्यांदा हेलपाटा घालून आल्या. कशासाठी? तर पेन्शन चालू राहावी म्हणून हयातीचा दाखला. माणूस गेला की नोंद सरकारदरबारीच होते ना? मग जिवंत असल्याचं दरवर्षी त्या म्हातारीनं पर्वती टेकडीचा चढ उतरून का सांगायचं? घरी माणूस पाठवा की!

आणि ते उत्पन्नाचं कोष्टक! संजय गांधी निराधार योजनेला वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत हवं. म्हणजे दिवसाला ५८ रुपयेसुद्धा नाहीत. पुण्यात? इथे दोन घरची धुणीभांडी केली तरी नवरा गेलेली बाई त्या रेषेच्या वर जाते, मग लगेच निराधार राहत नाही का ती? नवरा परत येतो का तिचा? एवढं करून मिळतात महिन्याला १,५००. खोलीचं भाडं तरी निघतं का त्यात? वृद्धांच्या पेन्शनमधला केंद्राचा वाटा तर साठ ते एकोणऐंशी वयाला २०० रुपये. २००७ सालीही २००च होता! तेव्हाच्या भावात आज साधी तूरडाळ तरी देतं का कुणी?

रेशनवर वेगळीच तऱ्हा. भांडी घासून बोटांच्या रेषा गेल्या, मशीन अंगठा घेत नाही. दुकानदार म्हणतो, उद्या या. अहो, पण पोटाला आज लागतं ना!

परवा परत जायचंय मावशींना. या वेळी मी जातेय सोबत, आणि दाखला हातात पडल्याशिवाय उठणार नाही.