कपाशीचं औषध अंगणातल्या वांग्यावर मारू नका

जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठंही जा. कपाशीसाठी आणलेली बाटली घरात असते, अंगणातल्या मिरचीवर किडे दिसतात आणि झाकणभर औषध बादलीत पडतं. ही सवय मोडलीच पाहिजे, असं मला अगदी कळकळीनं वाटतं. ज्या वांग्याचं भरीत आपण पोराबाळांना वाढणार, त्याच वांग्यावर हे औषध जातं. मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक भाजीपाल्यावर वापरायला 2005 पासून बंदी आहे, तरी "कपाशीला चालतं, मग याला काय होतं?" असं बिनदिक्कत विचारलं जातं.

आधी पान उलटून बघा. पान वळलेलं, चिकट, वर काजळी धरलेली असेल तर मावा किंवा पांढरी माशी. भोकं आणि काळ्या लेंड्या दिसल्या तर अळी. फिकट बारीक ठिपके आणि पानामागं जाळं असेल तर लाल कोळी. पांढरी भुकटी बोटाला लागली तर भुरी, म्हणजे बुरशी. तिच्यावर कीटकनाशक मारून काहीच होत नाही.

कोळ्याच्या बाबतीत सगळ्यात जास्त फसगत होते. तो कीटक नाही, त्याला आठ पाय असतात. इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक मारलं तर तो मरत नाहीच, उलट कधीकधी वाढतो. त्याच्यावर गंधक चालतं, 80 टक्क्यांचं पाण्यात मिसळणारं, लिटरला 2 ग्रॅम. पण पारा 35 अंशांच्या वर गेला की गंधकानं पानं करपतात, आणि कोळी फोफावतो तो नेमका आपल्या एप्रिल-मेच्या धुळीत आणि उन्हात. म्हणून उन्हाळ्यात नळीनं पानांच्या मागच्या बाजूला जोरात पाणी मारा, दोन-तीन दिवसांआड. निंबोळी तेल आणि गंधक यांच्यात किमान तीन आठवड्यांचं अंतर ठेवा.

आता औषधांचे प्रकार. स्पर्शजन्य औषध किडीच्या अंगावर पडलं तरच काम करतं, म्हणून ते पानाच्या मागं पोचायला हवं. पोटविष अळीनं पानाबरोबर खावं लागतं. आंतरप्रवाही औषध झाडाच्या रसात शिरतं. मावा त्यानं जातो, पण ते पानाफळातही उतरतं आणि फुलातून मधमाशीपर्यंत पोचतं. तुळस, कढीपत्ता, कोथिंबीर यांच्या वाटेला ते अजिबात जाऊ देऊ नका. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम, ॲसिटामिप्रिड ही तिन्ही एकाच गटातली. नाव बदलून तीच मारत राहिलं की किडीला सवय होते, मग दुकानदाराला दोष देऊन उपयोग नाही.

मापाचं काय? इमिडाक्लोप्रिड 17.8 टक्के लिटरला साधारण 0.3 मिली लागतं. झाकणात 5 मिली मावलं आणि ते लिटरभर पाण्यात ओतलं, तर पंधरा पटींहून जास्त झालं. बिनसुईची सिरिंज घ्या, तिच्यावर खूण करा आणि ती फक्त याच कामाला ठेवा. डब्यावरचा त्रिकोणही बघा. लाल सर्वात विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. लाल आणि पिवळा घराच्या बागेत नकोच.

वांग्याचा शेंडा मान टाकतो तेव्हा आत अळी असते. तो शेंडा दोन बोटं खालून कापून नष्ट करा. अळी फळात शिरली की वरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. फवारायचंच असेल तर इमामेक्टिन बेन्झोएट 5 टक्के, लिटरला 0.4 ग्रॅम, आणि त्यानंतर किमान तीन दिवस तोडणी नको.

माझ्या मते घरच्या बागेला बहुतेक वेळा निंबोळी पुरते, आणि ती आपल्या बांधावर फुकट पडते. सावलीत वाळवलेली 50 ग्रॅम निंबोळी कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्यानं गाळा, चिमूटभर साबण घाला. बोअरचं पाणी जड असेल तर साबण फाटतो आणि द्रावण पानाला धरत नाही. तेव्हा पावसाचं किंवा गाळलेलं पाणी घ्या. फवारणी संध्याकाळीच करा, कारण उन्हात निंबोळीचा अर्क लवकर निकामी होतो.

जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणाला मेणाचं कवच असतं, नुसता फवारा त्यावरून ओघळतो. साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या जुन्या ब्रशनं तो घासून काढा आणि आधी मुंग्यांचा बंदोबस्त करा, कारण त्याच त्याला फांदीफांदीवर नेतात.

उरलेलं द्रावण मोरीत ओतू नका. लागेल तेवढंच करा. आणि औषध थंड पेयाच्या बाटलीत तर कधीच, कधीच भरू नका.